रणातून रानात

खंडेनवमीला आपल्याकडे एक गोष्ट दरवर्षी घडते आणि सवयीमुळे तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. घरात पिढीजात तलवार असेल तर ती खाली काढून, पुसून पाटावर मांडतात. आणि तिच्याच शेजारी कोयता, विळा, खुरपे, नांगराचा फाळही मांडतात. दोहोंना हळदकुंकू तेच आणि झेंडूचे फूलही तेच. एक माणूस मारण्याचे हत्यार, दुसरे माणूस जगवण्याचे अवजार. पण पूजा करणाऱ्याच्या मनात दुजाभाव नसतो. तो नसावा हेही साहजिकच. मावळातला कुणबी पावसाळाभर नांगरामागे चाले आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जाई. लोखंड तेच, भाता तोच आणि घण घालणारा लोहारही तोच.

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांना आज जी गोष्ट सांगायची आहे, ती अशाच लोखंडाची आहे. फरक इतकाच की, हे लोखंड चार चाकांवर चालते. लढाईसाठी जन्मलेली एक गाडी लढाई संपल्यावर विक्रीला निघाली. शेतकऱ्याने ती स्वस्तात घेतली आणि तिला नांगर जोडला. स्वस्तात मिळालेल्या वस्तूचे पुढे काय होते, हे आपण सगळेच संसारात अनुभवतो. या गाडीचे काय झाले ते पाहण्यासाठी आपल्याला आधी विलायतेला जावे लागेल.

थोरल्या भावाचा प्रश्न

वेल्सच्या वायव्य टोकाला, मेनाईच्या अरुंद सामुद्रधुनीपलीकडे अँगलसी नावाचे एक बेट आहे. एके काळी तेथे धान्य इतके पिके की, वेल्श लोक त्या बेटाला ‘वेल्सची आई’ म्हणत. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या बेटावर मॉरिस विल्क्स नावाच्या गृहस्थांची शेती होती. गृहस्थ पेशाने शेतकरी नव्हते. रोव्हर या मोटार कंपनीचे ते मुख्य इंजिनियर, आणि त्यांचे थोरले बंधू स्पेन्सर हे त्याच कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. रोव्हरच्या गाड्या डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर अशा प्रतिष्ठित मंडळींच्या. गाडी देखणी, आतून उबदार आणि चालीला शांत. पण शेताच्या चिखलात तिचा काय उपयोग? तेव्हा या मोटारतज्ज्ञ शेतकऱ्याने काय केले, तर सैन्याने विकायला काढलेली एक जुनी अमेरिकन जीप घेतली. ओंडके ओढायला जीप, कुंपणाचे खांब वाहायला जीप, वाळूतून समुद्रकाठी जायला जीप. घरच्या बैलासारखी ती सर्व कामांना जुंपली गेली.

एकदा थोरले बंधू शेतावर आले असता त्यांनी सहज विचारले की, ही गाडी झिजून गेली म्हणजे तू करणार काय? मॉरिसने उत्तर दिले म्हणे, दुसरी घेईन. दुसरे मिळतेच काय?

दोघे भाऊ क्षणभर गप्प झाले असतील. कारण हे उत्तर देणारा माणूस स्वतः मोटारी बनवणारा होता, आणि ऐकणारा त्या कारखान्याचा प्रमुख होता. शिवाय दोघांनाही ठाऊक होते की, शिलकी मालाची रास कितीही मोठी असली तरी तिला तळ असतो. युद्ध संपले होते. आता त्या जीपगाड्या कोणी नव्याने बनवून स्वस्तात विकणार नव्हते.

हा प्रश्न एका शेतावर विचारला गेला, पण तो त्या काळी पृथ्वीवरच्या असंख्य शेतांवर लागू होता. तो कसा, हे कळण्यासाठी या गाडीची जन्मकथा थोडक्यात पाहू.

एकोणपन्नास दिवसांचे बाळ

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या आणि अमेरिकेच्या लष्कराला जाग आली. टेहळणीसाठी घोडा आणि मोटारसायकल यांच्या जागी एक हलकी, बुटकी, कोठेही जाणारी गाडी हवी, असे ठरले. १३५ कंपन्यांना पत्रे गेली. अट अशी की, पहिली नमुन्याची गाडी ४९ दिवसांत आणून उभी करायची. बहुतेकांनी कानांवर हात ठेवले. पुढे आली ती पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची बँटम ही लहानशी, दिवाळे निघण्याच्या बेतात असलेली कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरला बोलावून घेतले. त्याने दोन-तीन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मुदत संपायला जेमतेम अर्धा तास उरला असताना गाडी मेरीलँडमधील लष्करी तळावर येऊन थांबली.

पुढची हकीकत मात्र व्यवहाराची आहे. एवढी छोटी कंपनी लाखो गाड्या कोठून देणार? आराखडे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवण्यात आले, त्यांनी आपापले नमुने केले, आणि अखेर विलीजच्या नमुन्याची निवड झाली. तिचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सर्वांत जोरकस ठरले. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. ज्या बँटमने बाळंतपण केले, तिच्या वाट्याला मागे जोडायच्या छकड्या बनवण्याचे काम आले!

लष्करी दप्तरात या गाडीचे नाव ‘पाव टनी ट्रक’ असे होते. आपण जीपला मोटारीत मोजतो, पण जन्माने ती मालाचीच गाडी. वजन सुमारे चोवीसशे रत्तल, म्हणजे अकराशे किलोच्या आसपास, आणि तिने वाहायचे ओझे आठशे रत्तल. तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या चाकांत होते. साध्या मोटारीत इंजिनचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती दोन चाके चिखलात घसरली की, गाडी जागच्या जागी राहते आणि चाके नुसती फिरून खड्डा खोल करतात. जीपमध्ये एक दांडा ओढला की, पुढच्या चाकांनाही जोर मिळे. दुसरा दांडा ओढला की, वेग निम्मा आणि ओढ दुप्पट होई. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन बैलांनी ओढेना झाला म्हणजे नांगराला चार बैल जोडतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच लढाई चालू असतानाच, १९४२ साली, अमेरिकेच्या शेतीखात्याने अलाबामातील ऑबर्न येथे जीपला शेतीची अवजारे जोडून तिची परीक्षा घेतली होती. गाडी अजून रणात होती आणि रानाने तिला आधीच मागणी घातली होती!

लोखंडाची रास

जीप ही या कुटुंबातली धाकटी. तिचा थोरला भाऊ म्हणजे जनरल मोटर्सचा अडीच टनी, दहा चाकांचा ट्रक. तोही पाच लाखांवर निघाला. कॅनडातील फोर्ड आणि शेव्हरोले कंपन्यांनी बसक्या नाकाचे चार लाखांहून अधिक लष्करी ट्रक बनवले आणि ते ब्रिटिश साम्राज्यभर, हिंदुस्थानातही पसरले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, आणि एका सकाळी हे सारे लोखंड निरुपयोगी ठरले.

त्याची विल्हेवाट कशी लावायची, याचा विचार अमेरिकेने आधीच केला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये शिलकी मालाचा कायदा झाला. त्याच्या उद्देशांत चांगल्या गोष्टी लिहिल्या होत्या: परत येणाऱ्या सैनिकाला शेतीत वा धंद्यात उभे करावे, कुटुंबाने कसायच्या शेतीला आधार द्यावा, सट्टेबाजांना दूर ठेवावे. प्रत्यक्षात रांगेत सरकारी खाती पुढे आणि सैनिक मागे. अनेक सैनिक विक्रीच्या तळावर हेलपाटे घालून रिकाम्या हातांनी परतले, आणि त्याच्या तक्रारी थेट संसदेपर्यंत गेल्या.

याच सुमारास एक आख्यायिका जन्मली. खोक्यात बंद केलेली, ग्रीसमध्ये माखलेली कोरी जीप पन्नास डॉलरांत मिळते! अमेरिकन मासिकांतून अशा जाहिराती पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती मात्र गाडीऐवजी एक चोपडी पडे, आणि तीत सरकारी लिलाव कोठे होतात त्याची माहिती असे. खोक्यातली जीप कोणी पाहिली नाही. पाहिलेला माणूस मात्र प्रत्येकाच्या ओळखीच्या माणसाला ओळखत होता.

आणि याच वेळी, शेतकरी गाडीसाठी तिष्ठत असताना, प्रशांत महासागरात काय चालले होते? न्यू हेब्रिडिज, म्हणजे आजचा व्हानुआटू, या द्वीपसमूहातील एस्पिरितू सांतो बेटावर अमेरिकनांचा मोठा तळ होता. परत निघताना त्यांनी तेथले सामान बेटांवर राज्य करणाऱ्या ब्रिटिश-फ्रेंच सरकारला अगदी नाममात्र किमतीत देऊ केले. सरकारने हिशेब केला की, हे लोक जाताना माल फुकट टाकूनच जातील, मग पैसे कशाला मोजा? तेव्हा अमेरिकनांनी समुद्रात एक उतार बांधला आणि ट्रक, जीपगाड्या, बुलडोझर त्यावरून चालवत नेऊन पाण्यात लोटून दिले. माल मायदेशी न्यावा तर जहाजाचे भाडे भारी, आणि नेलाच तर तेथल्या कारखान्यांचा नवा माल कोण घेणार? त्या जागेला आज ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात, आणि पाण्यात बुड्या मारणारे हौशी प्रवासी त्या गाड्या पाहायला जातात. अवजाराची गरज असलेला शेतकरी आणि अवजार, यांच्यात नुसते अंतर नसते, बाजारही असतो.

लिलावानंतरचा सकाळचा हिशेब

ज्यांना गाडी मिळाली त्यांचे काय? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ रडिंग्टनसारख्या लष्करी तळावर मोठमोठे लिलाव होत. मैदानात गाड्यांच्या रांगा, हातात यादी, आणि बोली बोलणारे शेतकरी, गॅरेजवाले, मोडवाले. हातोडा पडला की गाडी तुमची. ती चालू होईल की नाही हे मात्र तुमचे तुम्ही पाहायचे.

अशी गाडी घेणाऱ्याला काय काय पाहावे लागे, हे आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे. रंग आणि ताडपत्री पाहून भुलायचे नाही. लष्करी गाडी मैल थोडे चाललेली असते, पण ते मैल कसले होते हे ती सांगत नाही. तेलात पाणी मिसळले आहे काय, पुढच्या चाकांना जोर मिळतो काय, चाकांच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेले आहे काय, टायर नुसते दिसायला जाड आहेत की उन्हाने तडकलेले आहेत, हे वाकून, झोपून पाहायचे. टायरच्या एका जोडीत कधी कधी गाडीची निम्मी किंमत निघून जाई. दिवे काळोखातही शत्रूला दिसू नयेत असे केलेले. गावच्या रस्त्यावर त्यांचा उजेड निरांजनाएवढा. अमेरिकन गाडीचे सुकाणू डाव्या हाताला. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून चालकाला मान बाहेर काढावी लागे.

सगळ्यांत मोठी बाब पेट्रोलची. तो दहा चाकांचा ट्रक एका गॅलनला सात-आठ मैल जाई. युद्धात पेट्रोलचा हिशेब कोणी मागत नाही. शेतावर बायको मागते. ब्रिटनमध्ये तर मे १९५० पर्यंत पेट्रोलचे रेशनिंग होते. म्हणून मोठा ट्रक घेणारे पुष्कळसे लाकडाच्या वखारी, गिरण्या किंवा मोठ्या मळ्यांचे मालक होते. लहान शेतकऱ्याला जीप बरी पडे.

पण खरी ओळख पटे ती पहिला भाग मोडल्यावर. खरेदीच्या दिवशी गाडी स्वस्त असते. तिची किंमत मोडते त्या दिवशी कळते. लष्करात एक भाग मोडला तर कोठारात दहा शिल्लक असत. शेतकऱ्याकडे कोठार नव्हते. मग एक गाडी चालू ठेवण्यासाठी दुसरी विकत घेऊन तिचे भाग काढायचे, असा रिवाज पडला. कोठाराच्या मागे, झाडाखाली, चाके काढलेली दुसरी जीप उभी असे आणि तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालत. अशी दोनाची एक करता करता लहान गावात एक नवी विद्या तयार झाली. लष्करातून परतलेला एखादा जवान फिटर होई. लोहार जोडकाम शिके. ज्याने जन्मात इंजिन उघडलेले नव्हते तो शेतकरी कार्ब्युरेटर साफ करू लागे.

गाडीची मर्यादाही शेतावरच कळली. जीप नांगर ओढी, कुळव ओढी, पण उभ्या पिकात तिचे पोट झाडांना लागे आणि चाकांतील अंतर ओळींशी जुळत नसे. दिवसभर नांगरायचे तर ट्रॅक्टरच हवा. जीपचे बळ दुसऱ्या गोष्टीत होते. सकाळी ती दूध घेऊन गावात जाई, दुपारी खत वाही, संध्याकाळी आजाऱ्याला दवाखान्यात नेई आणि रविवारी सगळ्या कुटुंबाला देवळात. ट्रॅक्टर हा बैल. जीप हा घोडा, बैल आणि छकडा यांचा मिळून झालेला एक प्राणी होता.

तीन उत्तरे

आता अँगलसीच्या त्या प्रश्नाकडे वळू. गाडी झिजली म्हणजे काय? पहिले उत्तर विलीज कंपनीने स्वतःच दिले होते. युद्ध संपण्याआधीच, जुलै १९४५ मध्ये, तिने मुलकी जीप जाहीर केली. मागे उघडणारी फळी, अवजार जोडायला दांडा, आणि हवी असल्यास इंजिनची फिरती शक्ती गाडीच्या मागे घेऊन तिच्यावर मळणीयंत्र वा करवत चालवण्याची सोय. १९४९ पर्यंत अशा दोन लाखांवर गाड्या निघाल्या. रणातली गाडी रानासाठी पुन्हा घडवली गेली.

दुसरे उत्तर विल्क्स बंधूंचे. १९४७ साली अँगलसीच्या रेड वार्फच्या किनाऱ्यावर मॉरिसने वाळूत रेघा ओढून भावाला आपल्या कल्पनेतली गाडी दाखवली, असे सांगतात. पहिला नमुना सरळ जीपच्या सांगाड्यावरच उभा केला, आणि त्याचे सुकाणू ट्रॅक्टरसारखे मधोमध ठेवले. म्हणजे डाव्या-उजव्या हाताचा वादच नको! त्या काळी ब्रिटनमध्ये पोलाद मोजून मिळे, आणि निर्यात करील त्याला आधी मिळे. विमानांच्या धंद्यातले ॲल्युमिनियम मात्र मुबलक होते. म्हणून गाडीचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले आणि ते शक्य तेथे सरळ पत्र्याचे ठेवले, कारण वळणदार पत्रा दाबायचे महाग साचे परवडणार नव्हते. टंचाईने ठरवलेले हे रूप पुढे तिचा तोंडवळा बनले. सुरुवातीच्या गाड्यांना लष्कराकडे शिल्लक राहिलेल्या हिरव्या रंगाचाच हात दिलेला होता, असे म्हणतात.

३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. नाव लँड रोव्हर, किंमत साडेचारशे पौंड. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ऐंशी इंच, म्हणजे नेमके जीपचेच. कंपनीला वाटले होते की, नव्या मोटारी सुरू होईपर्यंत दोन-तीन वर्षे कारखाना चालू ठेवायला ही गाडी बरी. पण थोड्याच काळात ती रोव्हरच्या देखण्या मोटारींपेक्षा जास्त खपू लागली. आणि गंमत पाहा, शेतकऱ्यासाठी केलेली ही गाडी लवकरच ब्रिटिश लष्कराने घेतली आणि ती कोरियाच्या युद्धावर गेली. रणातून रानात आलेले लोखंड रानातून पुन्हा रणात गेले! २०१५ साली या घराण्याची वीस लाखावी गाडी बाहेर पडली, आणि २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलच्या कारखान्यात त्या जुन्या घाटाची शेवटची गाडी तयार होऊन ते पर्व संपले.

तिसरे उत्तर आपल्या घरचे आहे, आणि ते मिळायला जास्त वेळ लागला.

हिंदुस्थानात शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा मोटारजुळणीचा कारखाना होता. युद्धाच्या काळात आसामच्या लेडोपासून चीनकडे रस्ता बांधला गेला, आणि त्या वाटेने हजारो ट्रक धावले. युद्ध संपल्यावर अमेरिकनांचा हिंदुस्थानातील शिलकी माल मे १९४६ मधील कराराने येथल्या सरकारने ताब्यात घेतला. ब्रिटिश फौजेचा माल होताच. विल्हेवाटीचे सरकारी खाते विक्री करू लागले आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठी घरांत शिरला. डिस्पोजलचे कांबळे, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचा तंबू आणि डिस्पोजलचा ट्रक! अनेक मालवाहतूकदारांचा पहिला ट्रक डिस्पोजलचा होता. कालपर्यंत दारूगोळा वाहणाऱ्या हौद्यात गुळाच्या ढेपी आणि कांद्याची पोती चढली.

शेतीतही डिस्पोजल आले. मध्य भारतात आणि बुंदेलखंडात कांस नावाच्या गवताने लाखो एकर काळी जमीन गिळली होती. शरदात नदीकाठी पांढरे तुरे डोलतात तेच हे गवत. दिसायला सुंदर, पण त्याची मुळे इतकी खोल जातात की, बैलांचा नांगर वरवर खरडून परत येतो आणि गवत पुन्हा उगवते. देशात अन्नाची टंचाई, फाळणीचे घाव ताजे. सरकारने १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली आणि तिला आरंभी दिले काय, तर अमेरिकन लष्कराने मागे सोडलेले सुमारे दोनशे अवजड ट्रॅक्टर. लढाईत ज्यांनी वाटा फोडल्या, त्यांनी उन्हाळ्यात फूटभर खोल नांगरून कांसाची मुळे उन्हाला दाखवली. उत्तर प्रदेशच्या तराईचे रानही असेच मोडले गेले, आणि तेथे फाळणीत घर हरवलेल्या शेतकऱ्यांनी नवे संसार मांडले.

पण जुन्या यंत्रांवर एवढे मोठे काम पेलणे शक्य नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने हिंदुस्थानला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले आणि नवे ट्रॅक्टर आले. म्हणजे ‘झिजले की दुसरे घेईन’ हेच उत्तर. फरक एवढाच की, हे दुसरे कर्जाने घेतले होते.

खरे उत्तर घडत होते ते मुंबईत. कैलासचंद्र महिंद्र हे युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते, आणि जीप त्यांनी तेथे जवळून पाहिली. त्यांनी व त्यांचे बंधू जगदीशचंद्र यांनी गुलाम महंमद यांच्या भागीदारीत १९४५ साली पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, कंपनीच्या नावात १९४८ पासून दोन्हीकडे महिंद्र राहिले. विलीजच्या जीपगाड्या सुट्या भागांत बंदरावर उतरू लागल्या आणि माझगावात त्यांची जुळणी सुरू झाली. जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे, अशी टीका कोणी केली असती तर ती खरीच ठरली असती. पण १९५३ मध्ये सरकारने नियम केला की, ज्याला येथे मोटारी करायच्या असतील त्याने उत्तरोत्तर भागही येथेच बनवले पाहिजेत. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. जे राहिले त्यांना एकेक भाग स्वतः करायला शिकावे लागले.

१९५२ च्या गांधीजयंतीला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास अधिकाऱ्याची जीप तालुक्याच्या धुळीत दिसू लागली. तिच्यातून बियाणे आले, लस आली, मतपेट्या आल्या. खेड्यातल्या मुलांनी पाहिलेली पहिली मोटार बहुधा तीच. पुढे १९६३ साली महिंद्रांनी एका अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला. आज संख्येने जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर विकणारी ती कंपनी आहे. पन्नास डॉलरांच्या खोक्याची वाट पाहत बसलेल्या कोणालाही हे साधले नसते.

पाडव्याची वही

लष्कराच्या निकामी गाड्यांची विक्री आजही होते. पूर्वी मैदानात होणारा लिलाव आता सरकारी एमएसटीसी कंपनीमार्फत घरबसल्या होतो. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या अशाच मार्गाने लष्करातून बाहेर पडल्या. घेणाऱ्याच्या मनातली हुरहुर तीच: केवढे हे लोखंड आणि केवढ्याशा पैशांत!

तसे घेण्यात कमीपणा नाही. पहिला ट्रॅक्टर डिस्पोजलचा होता म्हणून कांस हटला. पहिला ट्रक डिस्पोजलचा होता म्हणून कित्येकांचे धंदे उभे राहिले. युद्धाच्या उरलेल्या मालावर जगाने आपली शांतता सुरू केली. पण ती रास संपणारी होती, आणि ती संपायच्या आत ज्यांनी गाडी उघडून पाहिली, तिचा भाग आपल्या भट्टीत घडवून पाहिला, त्यांच्या शेतावर पुढची गाडी आली. बाकीच्यांच्या झाडाखाली कोंबड्यांचे खुराडे राहिले.

पाडव्याला आपण नवी वही उघडतो आणि पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो. जुनी लष्करी गाडी घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने या वर्षी वहीच्या एका पानावर लिलावाची किंमत लिहावी आणि समोरचे पान कोरे ठेवावे. त्या कोऱ्या पानावर स्पेन्सर विल्क्सचा प्रश्न लिहून ठेवावा: झिजल्यावर काय? उत्तर लिहायला गावात एखादा फिटर, एखादा लोहार, आणि हाताला ग्रीस लागले तरी न रागावणारी घरची मंडळी असतील, तर गाडी खुशाल आणावी. पुढच्या खंडेनवमीला तिच्यावर झेंडूची माळ घालायला विसरू नये.